नाव आधी येतं

आमच्या डोंगरात लग्नाच्या दिवशीच सुनेला
पहिल्या लेकराचं नाव लावतात.
लेकरू अजून कुठंच नाही,
नवऱ्याशी चार शब्द बोलून झालेले नाहीत,
आणि सासू हाक मारते : मालिनेओ.
लिनेओची आई.

ती मालिनेओ आज माझ्यापुढे, तट्टावर.
वय एकोणीस, नववा लागलेला,
अंगाभोवती राखाडी ब्लँकेट, छातीशी मोठी पिन,
मांडीवर मक्याच्या पिठाची पिशवी,
कारण दवाखान्यामागच्या त्या खोलीत
जागा फुकट आहे, जेवण ज्याचं त्यानं.
नवरा सरहद्दीपलीकडे, खाणीत.
तट्टू दिराचं. अंधाराच्या आत परत हवं,
असं त्यानं तीनदा सांगितलं.

चार तासांची वाट. ती विचारते,
तीन आठवडे तिथं करायचं काय?
बसायचं, मी म्हणते.
ती हसते. बसणं तिला माहीत नाही.
शेळ्या कोण सोडेल, पाणी कोण आणील,
सासूचे गुडघे—
मी म्हणते, आधी स्वतःचे पाय बघ,
बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो,
ओल्या मातीत राहावा तसा.

गावात म्हणतात, आपल्या आज्या
काय दवाखान्यात बाळंत झाल्या?
नाही झाल्या.
किती जणी आजी व्हायच्या आधीच गेल्या
ते कुणी मोजत नाही.
मीही मोजत नव्हते.

सेंकूपाशी ती उतरते.
हिवाळा आहे, पाणी घोट्याएवढं,
कडेला बर्फाची पातळ काच.
हात धरून तिला दगडांवरून नेते.
या चपट्या खडकाच्या अलीकडेच
माझी रात्र झाली होती.
त्या मार्चमध्ये नदी दोन्ही काठ भरून होती.
पलीकडे दवाखान्याचा दिवा दिसत होता,
कुणीतरी कंदील हलवून काही सांगत होतं,
पाण्याच्या आवाजात कळलं नाही.
मी मोकळी झाले.
खौहेलो रडली नाही.
गाव अजून मला माखौहेलो म्हणतं.
नाव परत घेत नाहीत आमच्याकडे.

मालिनेओला हे ठाऊक आहे. सगळ्यांनाच आहे.
ती खडकाकडे बघत नाही,
माझा हात मात्र पाणी संपल्यावरही सोडत नाही.

सिस्टर न्त्सोआकी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळते,
फुगवते, थांबते,
पुन्हा फुगवते.
आकडा सांगत नाही, माझ्याकडे बघते.
बरं झालं आज आणलंस, म्हणते.
लोहाच्या गोळ्या संपल्यात.
गाडी गुरुवारी येईल, रस्ता असला तर.

मागच्या खोलीत पाच जणी, पाच पोटं,
जमिनीवर खडूचा पट, खड्यांचा डाव रंगलेला.
जुळ्यांची आई वर न बघता म्हणते,
तुझी गादी खिडकीखाली. वारा येतो. सवय होईल.
आणि मीठ आणलंस का?
मालिनेओनं मीठ आणलेलं असतं.
डाव हलून तिला जागा होते.

मी तट्टू घेऊन उलटी फिरते.
अंधार पडलाच. दीर ओरडेल. ओरडू दे.
नदी ओलांडून एकदा मागं बघते :
दिवा तोच आहे,
ती दिव्याच्या बाजूला आहे.

उद्या वरच्या वस्तीवर जायचंय.
तिथं मारेफिलोए, सातवा सरत आला,
आणि सासरा म्हणतो,
बघू.