आवर

शेफील्डच्या विद्यापीठात, तळघरातल्या खोलीत
बेथनी माझ्या अंगठ्याला दोन तारा चिकटवते.
फॉर्मवर माझ्या नावापुढे लिहिलंय: कंट्रोल.
मला रॉकेलची रांग आठवते.
इथे त्याचा अर्थ एवढाच, की
दिगंबरच्या मेंदूशी ताडून बघायला
त्यांना एक धडधाकट मेंदू हवाय,
शक्यतो त्याच वयाचा.
तो बाहेर बाकावर बसलाय, गुडघ्यावर टोपी,
टोपीखाली थरथरता हात.

बाण येईल. डावा आला तर डावं बटण, उजवा तर उजवं.
मात्र टूं वाजलं
तर दाबायचं नाही.

बाण. दाबलं.
बाण. दाबलं.
बाण, टूं,
दाबलंच.

"चुकू दे," बेथनी म्हणते. "निम्म्या वेळा सगळेच चुकतात.
तुम्ही थांबायला शिकलात
की यंत्र टूं आणखी उशिरा वाजवतं."
चांगलं आहे की, म्हटलं,
अगदी आमच्या सासूबाईंसारखं.

ती समजावते: डोक्यात दोघं धावतात.
'कर' आधीच सुटलेला असतो.
'नको' मागून निघतो, अनवाणी,
पण पळतो जोरात.
बोटाशी जो आधी पोचेल, त्याचं खरं.

आमच्या आईला दोघांसाठी एकच शब्द पुरायचा.
शाळेची घंटा झाली, की: आवर!
रडू फुटलं, की: आवर!
मी एका हाताने रिबिन बांधायची,
दुसऱ्याने नाक पुसायची,
आणि नेमकं कुठलं आवरायचं
हे कधीच विचारलं नाही.

शेवटी बेथनी पडदा माझ्याकडे वळवते.
"ही गंमत बघा. इथे तुम्ही थांबलात. बटण दाबलं गेलं नाही.
पण हा उंचवटा दिसतोय?
अंगठा निघाला होता.
वाटेत परतला."

केवढासा तो उंचवटा. तांदळाच्या दाण्याएवढा.

एक्याण्णवची फेब्रुवारी.
क्रुक्सच्या चढावरचं भाड्याचं घर, बाहेर गुडघाभर बर्फ,
माझ्या हातात निळी बॅग,
दुसरा हात कडीवर.
काय बोलला होता तो, ते आता आठवत नाही.
(आठवतं. पण ते राहू दे.)
कडी अर्धी सरकली होती.
वर दूध उतू गेल्याचा वास आला
आणि मी गॅस बंद करायला गेले.
गॅस बंद केला. शेगडी पुसली.
मग कणीक मळली.
कुणाला कळलं नाही.
आमच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला
मीसुद्धा म्हटलंच की, छे, असं काही कधी मनातही आलं नाही.

पण स्नायूत कुठेतरी नोंद असणार.
मी त्या दिवशी
तांदळाच्या दाण्याएवढी गेले होते.

घरी येईपर्यंत अंधारतं.
दारात दिगंबर अडतो.
आता हे रोजचंच, उंबरठा दिसला
की पाय जमिनीला शिवल्यासारखे.
त्याच्या 'कर'ला वाट सापडत नाही,
'नको' गल्लीत खाट टाकून झोपलाय.
नर्सने सांगितलं म्हणून मी उंबरठ्यावर
पिवळी चिकटपट्टी लावलीय, ती ओलांडायची कल्पना करायची.
धरून ओढायचं नाही. घाई करायची नाही.

माझा हात त्याच्या कोपराकडे निघतो.
आत कुठेतरी टूं वाजतं.
हात हवेतच, त्याच्या कोटापासून वीतभर,
ना पुढे, ना मागे.
पावसाची बारीक भुरभुर दोघांवर.
पलीकडची मिसेस ऑल्डरॉइड
पडदा सारून बघते, पडदा सोडते.

किती वेळ गेला, यंत्र नव्हतं मोजायला.

मग तो मान किंचित वळवून,
हल्लीच्या त्या पुटपुटत्या आवाजात,
जणू इतका वेळ तोच माझ्यासाठी खोळंबलाय:

"आवरलं का तुझं?"