सोंदा वारा

सान हुआनवर डोंगरातून सोंदा सुटायच्या आधी
नेलिदाच्या उजव्या डोळ्यात काच तडकते.
रेडिओला अजून पत्ता नसतो.

सुई दिसते, दोरा दिसत नाही.
कापड मशीनखाली तसंच सोडून ती गोळी घेते, आत्ताच;
तासाभराने घेतली तर नुसता खडू.
एवारिस्तो खिडकीच्या फटींत ओली फडकी कोंबतो.
'काय होतंय?' हे न विचारायला
त्याला अकरा वर्षं लागली.

अर्धशिशीच्या वहीत नोंदी : जुनं चीज, चुकलेलं जेवण,
रविवारची लांबलेली झोप.
वारा लिहून काय उपयोग? तरी लिहिते,
तारखेसकट.

अंधारात अर्धं कपाळ
दुसऱ्या अर्ध्याचं ऐकत पडून राहतं.

तिन्हीसांजेला ओट्यावर बोटभर धूळ.
उभ्यानेच पाव खात ती गिऱ्हाइकाला फोन लावते :
उद्या या. एकच बाही झालीय.