आडोसा

पहाटे ओनिकची व्हॅन ग्युमरीहून निघाली तेव्हा
आम्ही आठ जण, सात कॅमेरे,
एक तिपाई जिचा तिसरा पाय सुतळीनं बांधलेला,
आणि अगदी शेवटी, "जागा आहे का रे?" म्हणत
चढलेली झारुही, शोघेरची मावशी,
हातात रिकामी पिशवी आणि भाजी चिरायची सुरी.

कॅमेरा नाही? नाही.
मग दिवसभर काय करणार?
बघू.

अरागात्सच्या उतारावर जूनमध्येही
घळींतून बर्फ उरलेला असतो,
मळका, कडेनं पाझरणारा,
आणि तो जिथवर मागं सरकला तिथवर
चिखल वाळायच्याही आत फुलं.
निळी, बोटभर उंच.
पिवळी, ज्यांचं नाव आमच्यात कुणालाच येत नव्हतं.
खसखशीची लाल, इतकी पातळ
की पाकळीतून पलीकडची मुंगी दिसावी.

आम्ही सगळे एकदम आडवे झालो.
दातांचे डॉक्टर गेघाम पोटावर सरपटत
एका निळ्या घंटीच्या तोंडात बघू लागले,
"आ करा... अजून थोडं," पुटपुटले, सवयीनं.
न्वार्द बाईंच्या गळ्यात शाळेची शिट्टी तशीच होती,
ती दर वेळी दगडावर आपटे, आणि बाई
आम्हा सगळ्यांवर डाफरत.
सिरानुशनं एकाच फुलाचे चाळीस फोटो काढले
आणि एकेचाळिसाव्याला त्यावर गुडघा टेकला.

पण वारा.
वारा प्यालेलं वासरू परवडलं,
इथं अख्खं कुरणच वारा प्यालेलं.
एक देठ क्षणभर जागेवर राहील तर शपथ.
जो तो आपापल्या फुलाला विनवत होता, थांब गं बाई,
आणि पडद्यावर उमटत होते
रंगाचे नुसते फराटे.

तेव्हा झारुही आली.
कोटाची बटणं सोडली,
नवऱ्याचा निळा कोट, त्याच्या रेल्वेतल्या दिवसांचा,
दोन्ही हातांनी पंखांसारखा नाही, चादर वाळत घालावी तसा
पसरला, आणि वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिली.

फूल थांबलं.

मग काय, हाकाच सुरू झाल्या.
"मावशी, इकडे!" "जरा डावीकडे!"
"अहो, माझी पिवळी राहिलीत!"
ती येई, उभी राही, मोकळी झाली की वाकून
अवेलुकची चार पानं खुडे,
आंबट, जिचं आम्ही हिवाळाभर सार करतो.

दुपारी लवाश, खारं चीज, ओनिकची जर्दाळूची दारू.
आमचं खाणं चाललेलं असताना मेंढरं आली
आणि सकाळपासूनची आमची मॉडेलं
मुळापर्यंत चरून गेली.
मेंढपाळाच्या पोरानं विचारलं,
"काय हरवलंय तुमचं?"

परतताना सगळे पेंगलो.
झारुही मागच्या सीटवर त्या पानांच्या वेण्या घालत बसलेली,
व्हॅनभर आंबट, हिरवा वास.
उतरताना प्रत्येकाच्या हातात एकेक वेणी.

रात्री संगणकावर दोनशे बारा फोटो.
एकशे नव्वद पुसले.
उरलेल्यांत प्रत्येकाच्या कोपऱ्यात काहीतरी निळं,
कोटाची कड, बटणाचा डोळा,
एकात फक्त बोटं, थंडीनं लाल झालेली.
कापायला घेतली.
तीन कापली. फुलं सुबक दिसली, दुकानातल्यासारखी.
चौथ्याला हात थांबला.

शोघेरला फोन केला, त्या पिवळ्याचं नाव विचार म्हटलं.
मागून मावशीचा आवाज आला,
"त्याला कसलं नाव? गाईनं खाल्लं तर दूध कडू होतं, एवढं माहीत आहे."

मग लक्षात आलं,
सात कॅमेरे, आणि तिचा चेहरा एकातही नाही.

वेणी स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलीय.
खिडकी उघडली की हलते.