पाच मिलिमीटर

बाजारातून आलो की आधी जिन्यात शर्ट काढतो.
शेजारचे आता बघतही नाहीत.
मसाला मार्केटात दिवसभर मिरचीच्या पोत्याखाली पाठ,
कानात, भुवईत, नखांत लाल भुकटी.
मोरीत दोन बादल्या ओतल्याशिवाय
लेकीला हात लावायचा नाही, हे मीच ठरवलेलं.
दीड वर्ष तिचं नाक वाहतंय,
दीड वर्ष मी गुन्हेगार.

साडेतीन वर्षांची मृण्मयी
तळव्याने नाकाचा शेंडा वर ढकलते,
सलाम ठोकल्यासारखी.
बालवाडीच्या बाई म्हणतात, किती गोड!
त्या गोडव्याची नाकावर आडवी रेघ पडलीय,
पान दुमडून उलगडल्यासारखी.
डोळ्यांखाली काळं. रात्री तोंड उघडं.
कोपरखैरण्यातले तीन डॉक्टर म्हणाले, सर्दी.
चौथा म्हणाला, इथली हवाच तशी.

कुंदाने कॅलेंडरवर फुल्या मारायला घेतल्या,
दूधवाल्याच्या खाड्यांखाली.
जानेवारीत सव्वीस. मे महिन्यात चोवीस.
गणपतीत तर एकही दिवस कोरा नाही.
"सर्दी आठ दिवसांची पाहुणी," ती म्हणाली,
"ही भाडेकरू आहे."

वाशीच्या वेलणकरबाईंनी
जुन्या चिठ्ठ्या बाजूला सारून ते कॅलेंडरच वाचलं,
महिना महिना, चष्मा कपाळावर चढवून.
ताप? नाही.
शेंबूड पिवळा? नाही हो, नुसतं पाणी.
उठल्या उठल्या शिंका? अकरा, मोजून.
तान्ही असताना गालांवर, कोपराच्या खाचेत चट्टे?
कुंदाने माझ्याकडे पाहिलं. हो. खूप.
"निरोप तेव्हाच आला होता," बाई म्हणाल्या,
"पण तेव्हा तो कुणालाच नीट वाचता येत नाही."

मग तो इवला हात टेबलावर, आतली बाजू वर.
पेनाने आकडे, आकड्यापाशी थेंब,
थेंबात एक एक टोच.
मी मांडीवर घेऊन उंदराची गोष्ट लावली, शेवट आठवेना.
पंधरा मिनिटं खाजवायचं नाही.
उंदीर किती वेळ बिळात बसवायचा?

तिसऱ्या आकड्यावर गांध उठली,
पांढरी, भोवती लाल.
पारदर्शक पट्टी ठेवून बाई म्हणाल्या, पाच मिलिमीटर.
धुळीतला किडा. दिसत नाही.
गादीत असतो, उशीत, तिच्या सशाच्या कापसात,
खाडीकाठच्या दमट हवेत बारा महिने सुखी.
झुरळ, तीन. मांजर, काही नाही.

"आणि मिरची?" मी विचारलं.
"मिरची माझ्याही नाकाला झोंबते, ती ॲलर्जी नव्हे.
अंघोळ मात्र चालू ठेवा."
मी सुटलो. अर्धं मिनिट.
"घरात आणखी कुणाला असं?"
मार्केटात सगळेच शिंकतात, मी म्हणालो.
"रविवारी? गावी गेल्यावर?"
लग्नाच्या फोटोत
माझ्या एका हातात कुंदाचा हात आहे,
दुसऱ्यात रुमाल.

पुढे दमा होईल का, हे कुंदाने विचारलं.
मला विचारवलं नाही.
"अंदाज सांगते, भविष्य नाही.
रात्रीचा खोकला लिहीत जा,
पळाल्यावर छातीत शिटी वाजते का, तेही लिहा."

नाव ठेवताना अर्थ विचारला होता.
मातीची, असं सांगितलं होतं भटजींनी,
आणि आम्हाला ते फार आवडलं होतं.

आता अभ्रे उकळत्या पाण्यात, पडदे उतरवलेले,
ससा पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये, बर्फाच्या ट्रेशेजारी.
झोपायच्या आधी ती स्टुलावर चढून
फ्रीज उघडते, त्याला सांगते, घाबरू नको हं.
नाकात फवारा मारताना रडत नाही.
मीच डोळे मिटतो.

आज सकाळी नऊ.
कुंदाने लिहून ठेवले.
माझे चार, ते कुणी लिहिले नाहीत.