खिळा न मारता

चावी देताना खमीस एवढंच म्हणाला,
भिंतीला खिळा नाही.
एका भोकाचे पाच रियाल कापीन.
मी मान डोलावली. आठ वर्षं कॅम्पात
वरच्या बंकवर काढलेल्या माणसाला
स्वतःची भिंत हीच चैन होती.

सोहारच्या अलीकडे, फलजमध्ये,
न्हाव्याच्या दुकानावर एक खोली.
वृषाली येणार होती, तीन महिन्यांच्या व्हिसावर.
हाताशी शुक्रवार चारच.

आमच्या वर्कशॉपात एसीचे डक्ट होतात.
भंगारातला पत्रा फोरमनला विचारून आणला,
कडा दुमडल्या
(दुमडलेली कड बोटाला लागत नाही,
पोटापाण्यानं शिकवलेलं हे एवढंच शहाणपण)
आणि शिडीसारखी मांडणी उभी केली,
पायाशी रबराचे तुकडे, पाठ भिंतीला जेमतेम टेकलेली,
नवखी पाहुणी सोफ्याच्या कडेवर बसते तशी.

बिजूनं खजुराचे डबे जमवून दिले, अकरा.
त्यांवर पांढरी टेप, टेपवर मार्कर:
जिरे. मोहरी. मेथी. मीठ.
माझं अक्षर डक्टवरच्या मापासारखं,
मराठी असून कारखान्यातलं.
लबनच्या बाटल्या निम्म्यावर कापल्या, चमच्यांना, कंगव्यांना.
पाण्याच्या बाटल्यांचा खोका आडवा केला, झाला खण.

बारावा डबा उरला तो दिव्यासाठी.
डब्यात पाणी भरून रात्रभर गोठवायचं,
मग खिळा ठोकायचा. आत बर्फ असला
की पत्रा चेपत नाही.
मोर काढायला घेतला होता.
पहाटेपर्यंत बोटं बधिर, आणि डब्यावर
एक कोंबडी, जराशी रागावलेली.

ती आली, बॅग न उघडता आधी हसली.
मग दिवा लावून आम्ही जमिनीवर बसलो
आणि भिंतभर भोकं पडली उजेडाची,
शंभरेक असतील.
खमीसला एकाचेही पैसे लावता येणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळं उलटंपालटं केलं.
जिऱ्यात ओवा, मोहरीत चहा,
मेथीत सुया आणि बटणं.
लेबलं तशीच.
अगं, निदान नावं तरी बदल, म्हटलं.
म्हणाली, स्वयंपाक करताना वाचत कोण बसतं?
हात जाईल तिथं वस्तू असावी.
जुनी ओढणी फाडून तिनं मांडणीला पडदा केला,
सेफ्टी पिनांवर,
आणि खोक्याला आतून कागद लावला
माझ्या सहा वर्षांच्या पगारपत्रकांचा.
मी काही बोललो नाही. ती पत्रकं
कधी नव्हे ती बघण्यासारखी दिसत होती.

नव्वद दिवस मोजूनच नव्वद असतात.

आता मी मीठ घ्यायला वाकतो.
सगळं तिच्या हाताच्या उंचीवर लागलंय,
वरच्या दोन फळ्या मोकळ्या.
हलवायला हवं, रोज वाटतं.
परवा भाजीत मेथी घालायला गेलो,
कढईच्या वर हाताशी आलं
निळं बटण, माझ्याच शर्टाचं,
जे तिनं लावायचं राहून गेलं.

खमीस भाड्याला आला काल.
सवयीनं भिंतीवरून तळवा फिरवला,
गुळगुळीत.
मग दिव्यापाशी थांबला बराच वेळ.
केवढ्याला, विचारलं.
विकत नाही, म्हटलं, शिकवतो.
आमच्या दोघांच्या मोडक्या हिंदीत सांगत गेलो:
डबा आण. पाणी भर, काठोकाठ नाही,
बर्फ फुगतो.
रात्रभर फ्रीजरमध्ये. घाई केलीस तर चेपेल.
आधी मार्करनं ठिपके काढ.
त्याचा मुलगा दारात उभा राहून ऐकत होता,
त्यानं विचारलं, ही बदक आहे का?

आणि खिळा? खमीस म्हणाला.
खिळा माझ्याकडे आहे, म्हटलं. एकच.
घेऊन जा.
परत आणून दे मात्र.