टेकला नाही

पाच वाजून वीस मिनिटं. गच्ची.
कूलर ताडपत्रीत बांधून ठेवलेला,
त्याच्या आडोशाला दोऱ्यानं टांगलेला माझा थर्मामीटर.
बॅटरी दातांत धरतो, चष्मा पुसतो,
श्वास रोखतो, कारण श्वासानंही पाव अंश चढतो तो.
सात पूर्णांक चार.
वहीत लिहितो.

बत्तीस वर्षं लोकांच्या घरचे मीटर वाचले मी,
मानेवाड्यापासून हुडकेश्वरपर्यंत.
कुत्री अंगावर आली, बाया भांडल्या,
आकडा मात्र कधी चुकला नाही.
या आकड्याचं बिल कोणालाच जात नाही.
रेवता विचारते, "काय भेटते तुमाले?"
मी मफलर घट्ट करतो.

आम्ही तसे तिघं आहोत.
दत्तवाडीचे खोब्रागडे सर, गोरेवाड्याची मंजिरी डहाके, मी.
साडेपाचला फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही, नुसता आकडा.
मंजिरीचा नेहमी कमी येतो.
तिच्याकडे झाडं आहेत, मोकळं रान आहे,
आम्ही मनातल्या मनात तिला अर्धा अंश चढवून ठेवतो.
सोनेगावची वेधशाळा सांगेल सांगायचं तेव्हा,
तोवर हे गाव आमचं.
उन्हाचं गाव म्हणून जग ओळखतं त्याला. ओळखू द्या.
थंडी इथं जबलपूर रोडनं येते,
आधी सिवनीला मुक्काम करते.
सिवनीला खोब्रागडे सरांचा साडू आहे.
"इकडं तीन," तो कळवतो,
आणि आम्ही तिघं पाहुणे येणार असल्यासारखे
उगाच घरातल्या घरात फिरतो.

उत्पला आयर्लंडमध्ये, मलिंगारच्या दवाखान्यात नर्स.
म्हणते, बाबा, तुमच्यासारखे वेडे इथं घरटी एक.
बर्फाचा अंदाज आला की झोपतच नाहीत,
पडदा सारून रस्त्यावरच्या दिव्याकडे बघत बसतात,
बर्फ आधी दिव्याखाली दिसतो म्हणून.
बहुतेक वेळा तो पाऊसच असतो.
कधी आलेच चार कण, तर टेकत नाहीत.
म्हणजे गं काय?
म्हणजे जमिनीला लागले की पाणी.
टेकला नाही, असं म्हणतात
आणि चहा ठेवतात.

तेव्हापासून मीही कोपऱ्यावरच्या दिव्याखाली बघतो.
धुकं. एक पिशवी.
त्याखाली एटीएमच्या पायरीवर मडावी,
पुठ्ठे जाळत, पाय पोटाशी घेऊन.
एकदा त्यानं वर पाहून विचारलं, काय पाहून राहिले जी रोज?
थंडी, म्हटलं.
तो हसला नाही.
"थंडी पाहाची नसते जी. काढाची असते."
दोन दिवस मी वहीला हात लावला नाही.
तिसऱ्या दिवशी सिवनीहून फोन आला.

सिवनी : दीड.
रात्री मी पितळी परातीत बोटभर पाणी ओतलं,
कठड्यापासून दूर, उघड्या आभाळाखाली ठेवलं.
दर हिवाळ्यात ठेवतो. पाणी पाणीच राहतं.
पहाटे वर गेलो.
पाच पूर्णांक दोन. दोनदा पाहिलं.
मग परात.

कडेला बर्फ.
खरा, पांढुरका, बोटाला चिकटणारा.
फक्त एका तुकड्याला चौकोनी कोपरा होता,
फ्रीजच्या ट्रेमधल्या खणाएवढा.

खाली स्वयंपाकघरात दिवा.
रेवता पाठमोरी, आलं किसत,
ओट्यावर ट्रे पालथा घातलेला.
"पडला का तुमचा बर्फ?" तिनं वळून न बघता विचारलं.
बोटं पदरात खुपसलेली होती तिनं मधूनच,
सांधे दुखतात तिचे गारठ्यानं, जिना तर चढवतच नाही.

मी वही उघडली.
किमान : ५.२.
शेरा या रकान्यात आजवर काहीच नव्हतं.
तिथं लिहिलं : बर्फ. परातीत. टेकला.
बत्तीस अधिक नऊ वर्षांतली पहिली खोटी नोंद,
अक्षर जरा हललं.

तिनं तीन कप गाळले.
तिसरा मी खाली नेला.
मडावीनं कप दोन्ही हातांत धरला, प्यायला नाही लगेच.
"किती होती जी आज?"
पाच दोन, म्हटलं.
तो जरा वेळ विस्तवाकडे बघत राहिला.
"मले तर कमीच वाटली असंल," म्हणाला,
"बरोबर पाहिलं ना तुमी?"