समानार्थी शब्द लिहा

टिपणीसबाईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक कात्रण पाठवलं,
पिवळं पडलेलं, कोपऱ्याला तेलाचा डाग:
'पाहुणा परत पाठवा – हास्याचा धो धो धबधबा!'
शुक्रवारी मंडळाच्या हॉलमध्ये दाखवणार आहेत,
पत्रकाला परिचय हवा.
"तुमचं मराठी चांगलं, केळुसकर.
हेच लिहा, फक्त शब्द बदला.
चोरी दिसायला नको."

मी हिद्दच्या गोदीत स्टोअरकीपर.
एक नट संपला की त्याच मापाचा दुसरा काढून देणं,
सव्वीस वर्षं हेच काम.
म्हटलं, जमेल.

धबधब्याचा केला प्रपात.
कुणीतरी पडून लागल्यासारखं वाटलं,
परत धबधबा केला.
'विनोदाचा बादशहा' – सुलतान? नृपती?
इथे राजा खराखुरा आहे, चौकाचौकात त्याचा फोटो,
म्हणून नायकाला नुसता 'उस्ताद' केलं.
'निर्मात्याने पाण्यासारखा पैसा ओतला आहे.'
पाणी? इथे समुद्राचं मीठ काढून पाणी करतात,
वीस लिटरची बाटली तिघांत मोजून पितो आम्ही.
लिहिलं, पेट्रोलसारखा.
'प्रेक्षक पोट धरधरून हसतात' –
उदर कवटाळून हास्य करतात?
हे तर अपेंडिक्सचं वर्णन झालं.
मुरकुंडीला दुसरा शब्दच सापडेना,
उलट्या आट्यांचा बोल्ट तो,
त्याला त्याचाच नट लागतो.

आणि सगळ्यात शेवटी, जाड टाइपात:
'सहकुटुंब पाहावा असा चित्रपट.'

सपरिवार. मुलाबाळांसकट. घरच्यांसमवेत.
एकेक लिहिलं, एकेक खोडलं.
फॅमिली व्हिसाला लागतो तेवढा पगार
झाला एकदाचा, तेव्हा
मंजिरीच्या लग्नाची तारीख निघाली होती.

हा सिनेमा मी पाहिला मुहर्रकच्या खोलीत.
भाड्याची कॅसेट, नऊ जण, चार खाटा.
चित्र सारखं वर सरकायचं,
टीव्हीला थप्पड मारायचं खातं माझ्याकडे.
सासरा पाटावरून घसरला
आणि हरिबा तांडेल हसता हसता खाटेवरून खाली आला.
त्या दुपारीच त्याला फोन आला होता, आई गेल्याचा.
पासपोर्ट कंपनीच्या कपाटात.
आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो,
टीव्ही बंद करायला कुणाचा हात पुढे होईना.
जमिनीवरूनच तो म्हणाला,
मागे घ्या रे, पुन्हा घसरू दे त्याला.
चार वेळा घसरवला.
शशिधरनला मराठीचं अक्षर कळत नव्हतं,
तो दर वेळी आमच्या आधी हसला.

रात्री दीड वाजता लिहिलं:
'एका खोलीत मावतील तितक्यांनी मिळून पाहावा.'
आणि पाठवून दिलं, पुन्हा न वाचता.

गुरुवारी पत्रक छापून आलं.
पेट्रोलचं पुन्हा पाणी झालेलं,
तळाशी टिपणीसबाईंचं ठसठशीत 'सहकुटुंब'.
बरोबरच आहे त्यांचं. हॉल मोठा आहे,
पुढे लहान मुलांना सतरंजी घालणार आहेत,
मध्यंतरात साबुदाणावडे.

शशिधरन अजून माझ्याच खोलीत असतो.
विचारलं, येतोस का उद्या, तो घसरणारा सासरा?
म्हणाला, "वो तो फॅमिलीवालों का है ना?"

मी काही बोललो नाही.
त्याचा निळा शर्ट काढला
आणि माझ्या शर्टाबरोबर इस्त्रीला घेतला.